अर्धा कोयता: बीडच्या फडात बाई कशी घडते

ऊसतोडीच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, हंगामाचा हिशेब होतो तो कोयत्याचा, आणि वहीत नाव लागतं ते घरच्या पुरुषाचं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं या हिशेबाने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीनंतर निघतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबलं, की परततात. त्यांतल्या निम्म्या बायका असतात. वहीत मात्र त्या जवळजवळ नसतातच.

स्त्रीवादी विचारात एक मांडणी वारंवार येते: स्त्रीपण जन्मासोबत आयतं येत नाही, समाज ते घडवत जातो. ऐकायला ही गोष्ट पुस्तकी वाटते. पण आष्टी-पाटोद्यापासून धारूर-परळीपर्यंतच्या ऊसतोडीकडे नीट पाहिलं, तर हे घडणं टप्प्याटप्प्याने समोर दिसतं. या लेखात आपण तेच एकेक टप्पा घेऊन पाहू.

मांडणी काय म्हणते

सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखिकेने १९४९मध्ये ‘द सेकंड सेक्स’ या ग्रंथात हा मुद्दा सविस्तर मांडला. बाईचं शरीर हे एक वास्तव आहे, पण ‘बाईने असं वागावं, हे करावं, ते करू नये’ हे त्या शरीरातून निघत नाही. ते घर, शाळा, धर्म, बाजार यांच्याकडून येतं. १९७२मध्ये अ‍ॅन ओकली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी यातल्या दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या. शरीरातला फरक हे लिंग, आणि त्या फरकावर समाजाने चढवलेला अर्थ हा लिंगभाव. पुढे १९९०मध्ये तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांनी आणखी एक पाऊल टाकलं. लिंगभाव हा आत दडलेला गुण नाही, रोज त्याच त्या कृती करत राहिल्याने तो पक्का होत जातो, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडे हा प्रश्न त्याही आधी विचारला गेला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन, हा पुरुषात नाही का, असं त्यांनी रोखठोक विचारलं. दुर्गुण दोघांत असेल आणि दोष एकीलाच लागत असेल, तर तो निसर्गाचा निवाडा नव्हे, समाजाचा, हे त्यातून आपोआप सिद्ध होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘समाजाने घडवलेलं’ म्हणजे खोटं किंवा मनाचे खेळ, असं अनेकांना वाटतं. शेताचा बांध माणसानेच घातलेला असतो, म्हणून काही तो खोटा नसतो. त्यावरून भावाभावांत डोकी फुटतात. मात्र माणसाने घातलेला असल्यामुळे तो सरकवता येतो. स्त्रीपणाच्या सीमा अशाच खऱ्या आहेत आणि अशाच सरकणाऱ्या आहेत.

पहिला टप्पा: कामाची वाटणी

फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, साधारणपणे पुरुष ऊस बुडख्यातून तोडतो. बाई पाचट काढते, ऊस गोळा करते, मोळ्या बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रकमध्ये नेऊन टाकते. कित्येक ठिकाणी ती कोयताही चालवते. एक मोळी तीस-चाळीस किलोंची सहज भरते. तरीही तोडणी हे मुख्य काम आणि मोळीचं काम हाताखालचं, अशी प्रतवारी रूढ आहे.

ही प्रतवारी शरीरावरून ठरली असती तर सगळीकडे तिचा नियम एकच असता. तसं दिसत नाही. मराठवाड्यात कापसाची वेचणी, निंदणी, खुरपणी ही बायकांची कामं मानतात आणि औत पुरुषाचं. वेचणीला नाजूक बोटं लागतात म्हणून ते काम बायकांचं, असं कारण सांगतात. त्याच बाईच्या डोक्यावर ऊसतोडीत चाळीस किलोंची मोळी येते तेव्हा नाजूकपणा कोणाला आठवत नाही. म्हणजे काम आधी वाटलं जातं, कारण नंतर शोधलं जातं.

फडाबाहेरचं काम तर मोजण्यातच येत नाही. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापणं, दूरवरून पाणी आणणं, सरपण गोळा करणं, कोपीतल्या, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतल्या, लेकरांचं पाहणं, धुणं-भांडी, सगळं तिच्याकडे. गाडी रात्री-अपरात्री आली तर भरायलाही तिने उभं राहायचं. पुरुषाचा दिवस फडात संपतो, बाईचा कोपीत पुढे चालू राहतो.

आई-बापांसोबत आलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी हे सगळं पाहते आणि करतेही. धाकट्या भावाला कडेवर घेते, हंडा भरते, चूल पेटवते. तिला कोणी बसवून धडा देत नाही. रोजच्या करण्यातूनच हे आपलं काम, असं तिच्या अंगवळणी पडतं, आणि तिच्या वयाच्या भावाच्या अंगवळणी हे पडतं की ते आपलं नव्हे. बटलर यांच्या अवघड वाटणाऱ्या मांडणीचा अर्थ इथे सोपा होतो.

दुसरा टप्पा: हिशेबाची वही

कामाची वाटणी झाली, तरी दोघांच्या कामाचे पैसे वेगळे मोजले असते तर गोष्ट निराळी झाली असती. कोयत्याच्या हिशेबात ते होत नाही.

हंगामाआधी मुकादम उचल देतो. एका कोयत्याला ही रक्कम पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंत जाते. ती घेतो पुरुष, बोलणी करतो पुरुष, अंगठा किंवा सही त्याची. मग पाच-सहा महिने दोघं मिळून ती उचल टनाटनाने फेडतात. जानेवारी २०२४मध्ये साखर कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना यांच्यातल्या वाटाघाटींत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. वाढ झाली ती टनाच्या दरात. त्या टनातले बाईचे कष्ट किती, हे वाढीच्या आधीही कागदावर नव्हतं आणि नंतरही आलं नाही.

एक दिवस काम बुडालं तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. २०१९च्या सुमारास तो दिवसाला पाचशे रुपये असल्याचं बायका सांगत होत्या. बाई आजारी पडली तरी खाडा कोयत्याच्या नावावर चढतो. म्हणजे मिळकतीत तिचं नाव नाही, पण नुकसानीचं कारण ती ठरू शकते. विधवा, टाकलेल्या, एकट्या बाईची तर याहून कोंडी. तिला अर्धा कोयता म्हणून कोणी सहज घेत नाही. भाऊ, मुलगा, दीर यांपैकी कोणाशी तरी जोडी जमवावी लागते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास १९८२मध्ये प्रसिद्ध केला. त्या बायका तासन् तास विणत, त्यांची लेस परदेशात विकली जाई, पण त्या ‘घरी बसून रिकामा वेळ घालवतात’ असं मानलं जात असल्याने मोबदला नगण्य होता. बाईला गृहिणी ठरवलं की तिचं काम हे काम राहत नाही, ते नवऱ्याला केलेली मदत होते. आणि मदतीला मजुरी द्यावी लागत नाही. नरसापूरची बाई घराच्या चार भिंतींत होती, बीडची बाई उघड्या फडात आहे. तरी तिचे कष्ट ‘मदत’ या खात्यातच जमा होतात. गृहिणीपण घरात बसण्यावरून ठरत नाही, ते वहीत ठरतं.

तिसरा टप्पा: लग्न

पूर्ण कोयत्याला पूर्ण उचल मिळते. एकट्या पोराच्या मागे अर्धीच. अशा व्यवहारात लग्न हा कामाची जोडी उभी करण्याचा मार्ग बनतो. मुलीच्या घरचीही अडचण असते. आई-बाप सहा महिने बाहेर, वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर कोपीला ना दार ना कडी. मग हंगामाच्या आधी मुलगी उजवून टाकणं हाच सुरक्षित उपाय वाटू लागतो.

आकडे याला साक्ष देतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. महाराष्ट्राचा आकडा होता २१.९ टक्के. जिल्ह्याचं प्रमाण राज्याच्या जवळपास दुप्पट.

गरिबी हे यामागचं कारण आहेच, पण एकटं नाही. मुलीची ‘अब्रू’ राखणं ही घराची आणि जातीची जबाबदारी मानली जाते, आणि तिच्या लग्नाचा निर्णय त्या जबाबदारीखाली दडपला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात हेच उलगडून दाखवलं होतं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून; आणि तो नियम टिकवण्यासाठी बालविवाह, सक्तीचं वैधव्य, सती अशा उपायांनी बाईवर ताबा ठेवला जातो. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी १९९३मध्ये याच धाग्यावरून ब्राह्मणी पितृसत्तेची मांडणी केली. बीडच्या ऊसतोडीत वंजारी, बंजारा, दलित, मराठा अशा अनेक समाजांची माणसं आहेत. लग्न मात्र प्रत्येकाचं आपापल्या जातीत आणि मुलीच्या बाबतीत लवकर.

चौथा टप्पा: सून हवी, मुलगी नको

इथे एक कोडं उभं राहतं. बाईशिवाय कोयता पूर्ण होत नाही, म्हणजे बाईच्या श्रमाला इथे उघड किंमत आहे. मग मुलीचं स्वागत व्हायला हवं. २०११च्या जनगणनेत काय दिसलं? बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८०७ मुली. राज्यात सगळ्यांत कमी. २००१मध्ये हाच आकडा ८९४ होता. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८मध्ये, महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४चा. तरीही हे घडलं. २०१२मध्ये परळीतल्या एका रुग्णालयात गर्भपातादरम्यान बाईचा मृत्यू झाला आणि तिथला गर्भलिंगनिदान आणि गर्भपाताचा धंदा राज्यभर चव्हाट्यावर आला. सोनोग्राफीचा आधार घेणाऱ्यांत केवळ मजूर नव्हते. पैसेवाले, शिकलेले, जमीनदारही होते, हे विसरता कामा नये.

कोडं सुटतं ते वहीकडे पुन्हा पाहिल्यावर. बाईच्या श्रमाला किंमत आहे, पण ती तिच्या नावावर जमा होत नाही. ज्या घरात ती जाते त्या घराच्या पुरुषाच्या नावावर होते. मुलगी वाढवायची आपण, हुंडा द्यायचा आपण आणि तिच्या कष्टाने कोयता पूर्ण व्हायचा दुसऱ्याचा. या हिशेबात सून फायद्याची आणि मुलगी तोट्याची ठरते. बाई तीच, शरीर तेच. माहेरच्या वहीत ती खर्च आणि सासरच्या वहीत जमा. ‘बायका कमवू लागल्या की त्यांचा दर्जा आपोआप वाढतो’ असं आपण सहज म्हणतो. बीड सांगतं की नुसतं कष्ट करून भागत नाही, कष्टाची नोंद कोणाच्या नावे होते यावर सगळं अवलंबून आहे.

पाचवा टप्पा: पिशवी

शरीर तरी निसर्गाचं, तिथे समाजाचं काय काम, असं वाटत असेल तर हा टप्पा नीट पाहावा.

एप्रिल २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या. जूनमध्ये विधिमंडळात माहिती आली, की आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींनी पिशवी काढलेली आढळली. सहांत एक. त्याआधीच्या, २०१५-१६च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २.६ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, तरी एवढी तफावत मोजणीच्या फरकाने भरून निघत नाही.

बाई त्या टेबलावर कशी पोचते, हे क्रमाने पाहू. लग्न सोळा-सतराला, विशीत दोन-तीन बाळंतपणं, मग नसबंदी. ती बाईचीच, महाराष्ट्रात संततिनियमनासाठी जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे आणि पुरुषांचं प्रमाण एक टक्काही भरत नाही. फडावर संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही, पुरेसं पाणी नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. यावर बहुतेक वेळा औषधांनी उपचार होतो. पण सुट्टी घेतली तर खाडा, सरकारी दवाखाना लांब आणि जवळचा खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. ‘लेकरं झालीत, आता पिशवी काय कामाची?’ हा प्रश्न डॉक्टर विचारतो, घरचे विचारतात आणि शेवटी बाई स्वतःलाही विचारते. ऑपरेशनचा खर्च पुन्हा मुकादमाकडच्या उचलीतून, म्हणजे पुढच्या हंगामाचं बंधन आताच ठरलं.

यांतल्या अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं. गर्भाशयासोबत बीजांडकोश काढले तर शरीरातली संप्रेरकं एकाएकी आटतात. हाडं ठिसूळ होतात, अंगात आग होते, झोप उडते, सांधे धरतात. काम थांबू नये म्हणून केलेली शस्त्रक्रिया पुढे कामच अवघड करते.

‘त्यांनी स्वतःहून काढून घेतली’ असं म्हणून काही जण विषय मिटवतात. बहुतेकींनी होकार दिला होता, हे खरं असू शकतं. पण पाळी ही अडचण कोणी ठरवली? गर्भाशयाचा उपयोग फक्त मूल होण्यापुरता, हे कोणी ठरवलं? दोन दिवस विश्रांती घेणं महाग कोणी केलं? निवड बाईने केली, निवडीचे पर्याय मात्र तिच्या हातात नव्हते. शरीर निसर्ग देतो. त्याच्या कोणत्या भागाला किंमत द्यायची आणि कोणत्या नाही, हे इथे उसाच्या हंगामाने ठरवलं.

सगळ्या बायका एकसारख्या घडत नाहीत

‘बाई’ म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी लाजरी, जपलेली, घरात राहणारी बाई ही एका वर्गाची आणि काही जातींची बाई असते. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथ यांनी १८५१मध्ये ओहायोतल्या सभेत आपल्या शेतातल्या कष्टांचा दाखला देत नाजूक स्त्रीची ही कल्पना उघडी पाडली. महाराष्ट्रात त्यानंतर चारच वर्षांनी, १८५५मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात सांगितले. कोपीत बाळंत होऊन थोड्याच दिवसांत फडात उतरणाऱ्या बाईला तो निबंध आजही जुना वाटणार नाही.

पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी १९९८मध्ये दलित स्त्रीच्या जागेवरून समाजाकडे पाहण्याची भूमिका मांडली. जात, वर्ग आणि पितृसत्ता या तिन्हींचा भार जिच्यावर एकदम पडतो, तिला व्यवस्थेचे सांधे अधिक स्पष्ट दिसतात, असा त्या भूमिकेचा आशय. ऊसतोड बायकांबाबत हे पटतं. मकाम, म्हणजे महिला किसान अधिकार मंच, आणि ऊसतोड बायकांच्या संघटनांनी ज्या मागण्या केल्या, त्या सहानुभूतीच्या नव्हत्या. स्वतंत्र कामगार म्हणून नोंद, फडावर पाणी आणि संडास, हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणी: नेमकं बोट ठेवलेलं होतं.

बदलायचं कुठून

बांध सरकतो याचा पुरावा बीडमध्येच आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली आणि पुढे १९७७मध्ये तिचा कायदा झाला. त्या कामावर आलेल्या बाईचं नाव हजेरीपटावर स्वतंत्र लागलं आणि सारख्या कामाला सारखा दाम ठरला. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातही तेच तत्त्व आलं. म्हणजे एकाच गावची एकच बाई उन्हाळ्यात मातीकामाच्या हजेरीपटावर पूर्ण मजूर असते आणि हिवाळ्यात फडात अर्धा कोयता होते. मधल्या काळात तिच्या शरीरात काही बदललेलं नसतं. बदललेली असते ती नोंदवही. स्त्रीपण समाज घडवतो, हे सिद्ध करायला याहून मोठा दाखला लागू नये. शेतकरी संघटनेनेही १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. कागदावरचं नाव बदलता येतं.

२०१९नंतर काही पावलं पडली. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आलं, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. हे सगळं आवश्यक आहे. पण शस्त्रक्रियेवर लक्ष ठेवणं हा शेवटच्या टप्प्यावरचा उपाय आहे. त्या टप्प्याकडे नेणारी वाट दुसऱ्या टप्प्यात, वहीत सुरू होते.

म्हणून पुढच्या करारात दर किती टक्के वाढला एवढंच विचारून थांबू नये. उचलीच्या कागदावर बाईची सही आहे का, तिच्या वाट्याचे पैसे तिच्या बँक खात्यात येतात का, आजारपणाचा खाडा बंद झाला का, हेही कारखान्यांना, मुकादमांना आणि सरकारला विचारलं पाहिजे. साखर आपण सगळेच खातो, तेव्हा हे विचारणं आपलंही काम आहे.